मुक्या झालेल्या तबकड्या

प्रस्तुत लेखकाच्या एक वृद्ध आत्याबाई बडोद्यास राहत असत. जात्यावरच्या ओव्या त्यांना शेकड्यांनी पाठ होत्या. २००७ साली दिवाळीच्या सुटीत त्यांच्या धाकट्या मुलाने त्यांना सलग चार दुपारी कॅमेऱ्यापुढे बसविले आणि त्या गात गेल्या. पुढे ते सारे चित्रण टीव्हीला जोडावयाच्या घरगुती रेकॉर्डरवर पाच डीव्हीडी तबकड्यांत उतरविण्यात आले. तबकड्या तयार झाल्या, तेव्हा कॅमेऱ्यातील फिती मोकळ्या झाल्या असे समजून त्यांवर घरातील एका लग्नाचे चित्रण करण्यात आले. फीत पुन्हा वापरावयाची वस्तू होती आणि तबकडी कायमची होती. निदान त्या काळी समज तसा होता. आत्याबाई २०१३ मध्ये निवर्तल्या. २०२१ साली आतेभावाने त्या पाच तबकड्या लोखंडी कपाटातून काढल्या आणि पाहतो तो पाचांपैकी एकही वाजेना. यंत्र काही वेळ घरघर करी, आत टक् टक् असा आवाज होई, आणि अखेर ‘तबकडी घाला’ अशी सूचना पडद्यावर उमटे. तबकडी तर आतच होती!

त्या तबकड्यांवर एकही ठळक ओरखडा नव्हता. घरी लिहिलेल्या तबकड्यांच्या बाबतीत हा अनुभव आज असंख्य कुटुंबांना आणि अनेक शाळा व ग्रंथालयांना येत आहे. १९९८ ते २०१२ या सुमारास आपल्या देशात छायाचित्रे, स्नेहसंमेलने, व्याख्याने, मौखिक इतिहास, सारे काही तबकड्यांवर साठविले गेले. यास्तव तबकडी मुकी का होते, तिला पुन्हा बोलते करता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या क्रमाने प्रयत्न करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रारंभीच सांगावयाचे ते हे की, ‘वाचता न येणे’ हा एक रोग नव्हे. ताप जसा अनेक रोगांचे लक्षण असतो, तसेच हे आहे.

बाजारात गाण्यांची किंवा चित्रपटाची जी तबकडी मिळते, ती आणि घरी लिहिलेली तबकडी या दिसावयास बहिणी असल्या तरी त्यांचे कूळ भिन्न आहे. कॉम्पॅक्ट डिस्क अथवा सीडी फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केली आणि १९८२ साली ती जपानात प्रथम विक्रीस आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर साच्याने सूक्ष्म खळगे उमटवितात, त्यांवर ॲल्युमिनियमचा आरशासारखा थर देतात, आणि वर संरक्षक लेप. खळग्यांची ही रांग मध्यापासून कडेकडे सर्पिलाकार जाते. दोन वेटोळ्यांतील अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सहाशेवा भाग. पूर्ण भरलेल्या सीडीवरील हे वेटोळे उलगडून सरळ केले, तर त्याची लांबी ५ किलोमीटरांहून अधिक भरेल. या वाटेवरून ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण फिरतो. सपाट भागावरून तो उजळ परततो, खळग्यावरून मंद. पुष्कळांची समजूत असते की खळगा म्हणजे ‘एक’ आणि सपाटी म्हणजे ‘शून्य’. वस्तुतः खळग्याची कड म्हणजे ‘एक’, आणि कडेवाचून गेलेले अंतर म्हणजे शून्यांची माळ. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

घरी लिहावयाच्या तबकडीत खळगे नसतातच. सीडी-आर या नावाने ओळखली जाणारी ही तबकडी १९८८ साली जपानमधील ताइयो युदेन या कंपनीने सिद्ध केली. तिच्यात पॉलिकार्बोनेट आणि आरसा यांच्या मध्ये एका सेंद्रिय रंजकद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. कोऱ्या तबकडीवर केवळ वाट दाखविणारी एक सर्पिल चर असते. लिहिताना लेसर किरण वाचनाच्या वेळेपेक्षा कित्येक पटींनी प्रखर होतो, रंजकद्रव्य त्या ठिकाणी तापून विघटित होते, आणि तेथून पुढे प्रकाश नीटसा परावर्तित होत नाही. अशा रीतीने एक डाग उमटतो. आपल्याकडे बोलण्यात ‘सीडी बर्न करणे’ असे म्हणतात. भाषांतरकाराचा हात ‘जाळणे’ हा शब्द लिहिताना अडखळतो खरा. पण या ठिकाणी तो शब्द अगदी अक्षरशः खरा आहे. आपण तबकडीवर भाजून लिहितो.

येथेच दुखण्याचे मूळ आहे. साच्यातून काढलेल्या तबकडीवरील खळगा ही एक आकृती असते. शिळेवर कोरलेल्या लेखाप्रमाणे ती त्या पदार्थाचाच भाग असते. भाजून लिहिलेल्या तबकडीवरील डाग हा मात्र रंगातील फरक असतो, आणि रंग उडतो. उन्हात रोज वाळत घातलेले लुगडे पाहावे. लेसरने जे क्षणार्धात घडविले, तेच ऊन, उष्णता व दमट हवा वर्षानुवर्षे सावकाश, सर्वत्र घडवीत राहतात. न लिहिलेला भाग हळूहळू मंदावतो, डागाची कड पुसट होते, आणि कडेवरच तर सारे वाचन अवलंबून! शिवाय अशा तबकड्यांतील आरसा बहुधा चांदीचा असतो. चांदीच्या भांड्यांचे गंधकाच्या संसर्गाने काय होते, हे गृहिणींना सांगावयास नको. सोन्याच्या आरशाला ही भीती नाही; म्हणूनच अभिलेखागारांसाठी सोन्याचा थर असलेल्या तबकड्या निघत असत. त्या अर्थातच महाग होत्या.

रंजकद्रव्यांतही तरतम आहे. सायनिन, थॅलोसायनिन आणि ॲझो ही तीन कुळे सीडी-आरमध्ये प्रामुख्याने वापरली गेली. तबकडीची वाचनाची बाजू प्रकाशात तिरपी धरल्यास हिरवट-निळसर झाक बहुधा सायनिनची, फिकट सोनेरी वा पोपटी झाक थॅलोसायनिनची, आणि गडद निळा रंग ॲझोचा असे ओळखता येते. अमेरिकेतील मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्र प्रकाश, उष्णता व आर्द्रता यांखाली तबकड्या ठेवून पाहिल्या, तेव्हा थॅलोसायनिन आणि सोने-चांदीचा मिश्र थर असलेल्या सीडी अधिक टिकाऊ आढळल्या. डीव्हीडीची रचना थोडी निराळी आहे. तीत ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या असतात आणि लेखन त्यांच्या मध्ये असते. त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा डीव्हीडीस सीडीइतका घातक होत नाही. सीडीत मात्र लेखन नावाच्या बाजूस, नखाने खरवडता येईल इतक्या पातळ लेपाखाली असते. आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने खुशाल लिहितो, हे अगदी उलटे आहे! परंतु डीव्हीडीची वेटोळी अधिक दाट असतात. त्यांतील अंतर ०.७४ मायक्रॉन आणि किरण ६५० नॅनोमीटरचा. त्यामुळे थोडासा बिघाडही तिला अधिक जाणवतो. कॅनडाच्या संरक्षण संस्थेने दिलेल्या अंदाजानुसार साध्या चांदीच्या डीव्हीडी-आरचे आयुष्य १० ते २० वर्षे धरावे. वेष्टनावर छापलेली शंभर वर्षांची ग्वाही आणि हा आकडा यांत एवढे अंतर का पडावे? तबकडी शंभर वर्षे ठेवून कोणी पाहिलेली नसते. ती काही आठवडे कडक उष्णतेत व दमटपणात ठेवतात, चुका किती वेगाने वाढतात ते मोजतात, आणि त्यावरून थंड, कोरड्या खोलीतील आयुष्याचे गणित मांडतात. गणित चुकीचे नसते. परंतु ती खोली आपल्या घरात नसते.

आता एक प्रश्न उरतो. बिघाड सावकाश वाढत असेल, तर तबकडीने आधी अडखळावयास हवे. काल स्वच्छ वाजणारी तबकडी आज एकदम मुकी का व्हावी? याचे उत्तर एका सुंदर गणितात आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली अशी एक संकेतपद्धती मांडली की, मूळ मजकुराबरोबर काही जादा अंक जोडून ठेवल्यास वाटेत हरवलेले अंक त्यांवरून पुन्हा काढता येतात. जुन्या पोथीचे पान कसरीने खाल्ले असले, तरी जाणता वाचक वृत्ताच्या व अर्थाच्या आधाराने गेलेली अक्षरे भरून काढतो, तसेच काहीसे. सीडीवर या पद्धतीने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग वाट नाहीशी झाली, तरी ऐकणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही. सीडी वाजताना दर सेकंदास ७३५० चौकटी वाचल्या जातात, आणि त्यांपैकी सरासरी २२० पर्यंत चौकटींत चूक असली तरी तबकडी मानकाप्रमाणे उत्तम समजली जाते! म्हणजे प्रत्येक तबकडी पहिल्या दिवसापासून चुका करीत असते आणि यंत्र त्या निमूटपणे दुरुस्त करीत असते. पोथीचे उदाहरण येथे एका बाबतीत अपुरे पडते. विद्वानाला निम्मे पान तरी लागते. यंत्राला मर्यादेपलीकडे एक अंक अधिक गेला, तरी तो सारा गठ्ठा सोडून द्यावा लागतो. डीव्हीडीत हा गठ्ठा ३२,७६८ बाइटांचा असतो. तबकडीचे वार्धक्य अशा रीतीने वर्षानुवर्षे झाकलेले राहते आणि दिसू लागते तेव्हा कड्यावरून कोसळल्यासारखे दिसते. दुसऱ्या बाजूने पाहता, यातच आशाही आहे. तबकडी मर्यादेच्या किंचित पलीकडे गेलेली असेल, तर वाचनात थोडीशी सुधारणा होताच ती पुन्हा अलीकडे येऊ शकते.

बडोद्याच्या तबकड्यांकडे वळू. प्रथम तबकडीवर नव्हे, तर यंत्रावर संशय घ्यावा. बाजारात विकत घेतलेली एक चित्रपटाची डीव्हीडी आणि दुसरी एखादी घरी लिहिलेली तबकडी त्याच ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. साच्याची तबकडी चालते आणि लिहिलेली एकही चालत नाही असे आढळल्यास दोष बहुधा ड्राइव्हच्या भिंगावरील धुळीचा, किंवा थकलेल्या लेसरचा असतो. कारण रंजकद्रव्यातून परतणारा प्रकाश मुळातच थोडा उणा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू जातीच्या तबकड्या तर जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परत पाठवितात, आणि जुन्या यंत्रांना त्या कधीच दिसल्या नाहीत. आतेभावाचा लॅपटॉपला जोडावयाचा पातळ ड्राइव्ह या परीक्षेत नापास झाला. शेजारच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या, पूर्ण आकाराच्या दोन ड्राइव्ह आणविल्या. तबकड्या स्वच्छ केल्या, आणि पाचांपैकी तीन तत्काळ चालू झाल्या. ज्या यंत्रावर तबकडी लिहिली, ते हयात असल्यास प्रथम त्याच्यावरच वाचून पाहावी, असे अनुभवी माणसे सांगतात आणि ते बरोबर आहे. आमचा रेकॉर्डर मात्र केव्हाच भंगारात गेला होता.

स्वच्छ करणे म्हणजे काय, हेही सांगावयास हवे. मऊ, तंतू न सुटणारे सुती कापड घ्यावे आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल फिरवून कधीही पुसू नये. आडवा बारीक ओरखडा किरण क्षणात ओलांडतो. वाटेच्या दिशेनेच पडलेला ओरखडा मात्र गठ्ठ्यामागून गठ्ठा गिळतो. डाग चिवट असल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा थेंब पुरतो. थिनर, ॲसिटोन व पेट्रोल यांनी पॉलिकार्बोनेट पांढरे पडते किंवा विरघळते. तबकडी पूर्ण वाळल्यावरच यंत्रात घालावी. मध्यभोकापाशी तडा दिसल्यास मुळीच घालू नये. जलद ड्राइव्ह सीडीला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतात, आणि तडकलेली तबकडी आत फुटते, तेव्हा ड्राइव्हही जाते.

चौथ्या तबकडीची गोष्ट निराळीच होती. संगणक तिला ‘कोरी’ म्हणत होता आणि ‘तबकडी तयार करू का?’ असे नम्रपणे विचारत होता. अशा प्रश्नास कधीही होकार देऊ नये. तिच्या खालच्या बाजूस पाहता रंगाच्या दोन छटा स्पष्ट दिसत होत्या. लिहिलेला आणि न लिहिलेला भाग असा साध्या डोळ्यांनी ओळखता येतो. म्हणजे चित्रण आत होते. राहिले होते ते समापन, ज्यास यंत्राच्या यादीत ‘फायनलाइझ’ म्हणतात. ग्रंथाची सारी पाने छापून झाली, परंतु अनुक्रमणिका लावावयाची राहिली, अशी ही अवस्था. घरगुती रेकॉर्डरवर ही पायरी स्वतंत्रपणे करावी लागे, आणि चौथ्या दिवशी दमलेल्या माणसाने ती केली नव्हती. आजवर ती तबकडी केवळ त्या रेकॉर्डरवरच वाजत आली असावी. अनुक्रमणिका नसताही पानन् पान चाळून त्यातील चित्रण ओळखणारे प्रोग्राम मिळतात. अशा एका प्रोग्रामने सारे चित्रण एका सलग फाइलीत काढून दिले. या तबकडीला वार्धक्याने शिवलेलेही नव्हते.

पाचवी खरी आजारी. तिच्यावर आत्याबाईंचे छायाचित्र छापलेला कागद कोणी हौसेने चिकटविला होता. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, आणि वर्षानुवर्षे तबकडीला किंचित वाकवीत राहतो. तो तसूभर एका बाजूस लागला तरी फिरताना तबकडी डळमळते. दुष्परिणाम कडेशी सर्वांत अधिक. बाष्पही कडेनेच आत शिरते आणि बोटेही तेथेच लागतात. लेखन मात्र मध्यापासून कडेकडे जात असल्यामुळे ज्या तबकडीवर सर्वांत शेवटी जे लिहिले, ते सर्वांत आधी जाते. असा कागद खरवडून काढावा असा मोह आम्हांस झाला. तो आवरला हे बरे झाले. सीडीच्या बाबतीत कागदाबरोबर आरसाच सोलून येतो, आणि डीव्हीडीच्या दोन चकत्या ओढाताणीत एकमेकींपासून सुटू शकतात.

अशा तबकडीवरून फाइली एकेक उचलू नयेत. नेहमीच्या पद्धतीने नक्कल करणारा संगणक पहिल्याच खड्ड्यात अडखळून थांबतो. त्याऐवजी तबकडीची आरंभापासून अंतापर्यंत एकसंध प्रत, म्हणजे ‘इमेज’, घ्यावी. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम आहे आणि त्याची रीत शहाणपणाची आहे. पहिल्या फेरीत तो वाचता येईल तेवढे उचलतो आणि अडेल भाग सोडून पुढे जातो; कोणते भाग राहिले याचा नकाशा ठेवतो; मग फिरून त्या भागांकडे येऊन थोडे थोडे कुरतडतो. हाच नकाशा घेऊन तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर ती ड्राइव्ह केवळ राहिलेली भोके बुजविण्याचा प्रयत्न करते. प्रत्येक ड्राइव्हचे भिंग व लेसर किंचित भिन्न असल्याने एकीस न जमलेले दुसरीस जमते. एकाच मजकुराच्या दोन तबकड्या असतील, तर एकीची भोके दुसरीने बुजतात. ड्राइव्हचा वेग कमीत कमी ठेवावा. डळमळणाऱ्या तबकडीवर किरणाला नेम धरावयास सवड मिळते. आमच्या पाचव्या तबकडीवर एक तासाचे चित्रण होते. पहिल्या ड्राइव्हने ४८ मिनिटे दिली. दुसरीने, रात्रभर चालून, आणखी ५.

हे सारे आधीच टाळता आले असते काय? बऱ्याच अंशी. उपरोक्त अमेरिकन संस्थेने २००३ साली ग्रंथपालांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तीत तबकड्या ४ ते २० अंश सेल्सिअस तपमानात व २० ते ५० टक्के आर्द्रतेत, उभ्या, डबीत, अंधारात ठेवाव्यात असे सांगितले आहे. कोकणातील किंवा केरळातील पावसाळ्यात हे अंक वाचून हसू येईल. तरीही हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढे कोणासही शक्य आहे. दमट उष्ण हवेत आणखी एक शत्रू संभवतो. माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील संशोधकांनी २००१ साली मध्य अमेरिकेतील बेलीझ येथून आलेल्या एका सीडीत जिओट्रायकम जातीची बुरशी पाहिली. ती कडेने आत शिरून प्लॅस्टिक व धातूचा थर पोखरीत गेली होती! असा प्रकार विरळा. परंतु तबकडीवर बुरशीचे जाळे दिसल्यास ती इतर तबकड्यांपासून वेगळी काढावी. नाव लिहावयाचे ते मध्यभोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने.

नव्याने तबकडीवर लिहू पाहणाऱ्या ग्रंथालयांनी एका गोष्टीचा विचार करावा. कोऱ्या तबकडीतील रंजकद्रव्यही वृद्ध होते. वरील मार्गदर्शिकेत न लिहिलेल्या तबकडीचे आयुष्य केवळ ५ ते १० वर्षे धरले आहे. तबकड्यांचे जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेल्या मोझर बेअर या भारतीय कंपनीच्या विसर्जनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला, आणि लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. दुकानात स्वस्तात मिळणारा गठ्ठा यामुळे पुष्कळदा जुन्या मालाचा असतो. सेंद्रिय रंजकाऐवजी खनिज द्रव्याचा थर असलेल्या तबकड्या तुलनेने भरवशाच्या. पण कोणतीही घेतली तरी लिहिल्यावर लगेच पडताळून पाहावी, त्याच मजकुराची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर निराळ्या घरी ठेवावी, आणि दर दोन-तीन वर्षांनी यंत्र किती चुका दुरुस्त करीत आहे ते मोजणारा प्रोग्राम चालवावा. आकडा चढू लागला की तबकडी चालत असतानाच नवी प्रत काढावी.

आत्याबाईंच्या ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत: एक बडोद्यास, एक लेखकाकडे आणि एक पुण्यास त्यांच्या नातीकडे. पाचव्या तबकडीवरील शेवटची ७ मिनिटे अद्याप निघालेली नाहीत. चित्रण तुटते तेथे त्या जात्याचा खुंटा सोडून पदराने कपाळ पुसत आहेत आणि कॅमेऱ्यामागच्या मुलाला काही विचारीत आहेत. ती तबकडी कागदासह, सिलिका जेलच्या डब्यात ठेवली आहे, आणि नकाशाची फाइल तिच्या प्रतीशेजारी जपली आहे. इंदूरच्या एका स्नेह्याकडे २००५ सालची एक जुनी ड्राइव्ह आहे. येत्या हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तबकडी तिकडे न्यावयाची आहे.